मलेरियाचा डास गटारात शोधू नका

पावसाळा लागला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरायला लागतो. त्यातली विधानं साधारण अशी: मलेरियाचा डास गटारातल्या घाणीत होतो, वाहत्या पाण्यात डास होत नाहीत, रुग्णाला चावलेला डास लगेच तुम्हाला चावला की मलेरिया झालाच, डास इथून तिथून सारखेच, तेव्हा धूरफवारणी करून घ्या. खाली अर्थातच 'सर्वांना पाठवा'.

आधी गटाराचं बघू. गटारात, सेप्टिक टँकमध्ये, तुंबलेल्या नाल्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स. तो हत्तीरोग पसरवतो, झोपेचं खोबरं करतो, पण माणसाचा मलेरिया त्याच्यामार्फत पसरत नाही. ते काम ॲनोफिलीस या एकाच प्रजातीतल्या काही जातींच्या माद्यांचं. मुंबईतली मुख्य गुन्हेगार जात म्हणजे ॲनोफिलीस स्टीफेन्सी. तिच्या अळ्या क्वचित घाण पाण्यातही सापडल्या आहेत, पण तिची खरी आवड स्वच्छ, साठवलेलं पाणी: विहीर, झाकण तुटलेली गच्चीवरची टाकी, बांधकामावरची पिंपं. ही काही नवी बातमी नाही. १९११ साली बेंटली या डॉक्टरांच्या अहवालाने मुंबईच्या मलेरियाचा माग थेट विहिरींपर्यंत नेला होता. त्या बुजवा किंवा झाका म्हटल्यावर केवढा विरोध झाला, कारण कित्येक विहिरींशी लोकांची, विशेषतः पारशी समाजाची, श्रद्धा जोडलेली होती. आज गटार उपसलं म्हणून निर्धास्त झालेली सोसायटी स्वतःच्या टाकीचं झाकण मात्र बघत नाही.

वाहत्या पाण्याचं विधान शहरापुरतं खपून जातं. डोंगराळ भागात ॲनोफिलीस फ्लुव्हिॲटिलिस ही जात संथ वाहणाऱ्या ओढ्यांच्या गवताळ काठाशीच वाढते.

सगळ्यात मोठी गफलत 'लगेच चावला' या शब्दांत आहे. डासाची सोंड म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला टोचणारी सुई नव्हे. रुग्णाच्या रक्तातून मलेरियाच्या परजीवीचे नर-मादी रूपातले जंतू मादीच्या पोटात जातात, तिथे त्यांचं मीलन होतं, जठराच्या भिंतीवर गाठी धरतात. याच गाठी रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. गाठी फुटल्या की नवे जंतू लाळग्रंथींत पोचतात आणि तेव्हा कुठे ती मादी धोकादायक ठरते. आपल्याकडच्या उबेत याला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. पारा १६ अंशांखाली राहिला तर जंतूंची वाढच थांबते. बऱ्याच माद्या तर तितक्या जगतही नाहीत.

'सारखेच' म्हणणाऱ्याने एकदा भिंतीवर बसलेला डास नीट पाहावा. ॲनोफिलीस सहसा डोकं खाली, शेपूट वर अशी तिरपी बसते. क्युलेक्स आणि एडिस कुबड काढून भिंतीला समांतर. अळ्यांचं बरोबर उलटं: ॲनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवी तरंगते, बाकीच्या श्वासनळी वर करून तिरक्या लोंबतात. बादलीत एवढं साध्या डोळ्यांनी दिसतं. पायावर पांढरे पट्टे दिसले की 'हाच मलेरियाचा' म्हणून फोटो टाकला जातो. तो बहुधा डेंग्यू पसरवणारा, दिवसा चावणारा एडिस असतो.

ॲनोफिलीसमध्येही सरसकटीकरण चालत नाही. आपल्या खेड्यांतली क्युलिसिफेसिस ही बाहेरून एकच दिसणारी जात खरं तर पाच जातींचा समूह आहे. त्यांना 'ए' ते 'ई' अशी नावं दिली आहेत. त्यातली 'बी' मुख्यतः गुराढोरांच्या रक्तावर जगते आणि मलेरिया पसरवण्यात अगदीच कच्ची. नुसतं बघून हे कळत नाही. गुणसूत्रं किंवा डीएनए तपासावा लागतो. म्हणून गोठ्यात क्युलिसिफेसिस ढिगाने सापडली एवढ्यावरून गावात मलेरियाचा जोर ठरवता येत नाही.

राहिला धूर. तो उडत्या डासांना मारतो. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि पावसाळी उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा', म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी-टाक्या कोरड्या करा, हे आरोग्य विभागाचं सांगणं याच हिशोबावर बेतलेलं आहे. विहीर किंवा हौद रिकामा करणं शक्य नसेल तिथे गप्पी मासे सोडतात, ते अळ्या खातात.