हॉर्न आमचा, वायर कुणाची?

इंदुरात नवी गाडी घेताना सूट मागितली की शोरूमवाला दुखावतो. सूट सोडून काहीही मागा, म्हणतो. मग 'पॅकेज' निघतं. आमच्या वाट्याला 'पॅकेज ए' आलं: मॅट, मडफ्लॅप, दारांवर पावसाचे व्हायझर, सीट कव्हर, फॉग लॅम्प, डॅशबोर्डवर मान डोलावणारा गणपती आणि डबल टोन हॉर्न. यातलं मी मागितलं होतं फक्त मॅट. हॉर्न नको म्हटल्यावर ॲक्सेसरी काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भिया, इंदौर में कंपनी का हॉर्न सुनता कौन है?" संध्याकाळी सातला राजवाड्यापासून मल्हारगंजपर्यंत गाडी नेऊन बघा, पोरगं खोटं बोलत नव्हतं.

बिलावर एवढंच छापलं होतं: 'ॲक्सेसरी पॅकेज ए, नग १'. ते बिल बायकोने देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं म्हणावं असं काम तेवढंच.

पहिल्या पावसाळ्यात हॉर्न स्वयंपूर्ण झाला. रात्री पावणेदोनला, गाडी बंद, किल्ली घरात खुंटीला, आणि सुदामानगरची आमची गल्ली दोन सुरांत दणाणली. समोरच्या वहिनी गॅलरीत येऊन, "अहो, एवढ्या रात्री कुणाला बोलावताय?" असं विचारून गेल्या. कुत्र्यांनी साथ धरली. मी स्टिअरिंगवर हात आपटतोय, हॉर्न दाद देत नाही. शेवटी काका लुंगीवर पाना घेऊन उतरले आणि त्यांनी बॅटरीची तार सोडली. काका वीज मंडळातून निवृत्त झालेत. अंधार करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

सकाळी तार जोडली तर हॉर्न मुका आणि खिडक्या बंद त्या बंदच. सेंट्रल लॉक मात्र मनाला येईल तेव्हा उघडझाप करत होतं. गाडी वॉरंटीत होती, त्यामुळे मी देवासनाक्याला शोरूमच्याच वर्कशॉपकडे निघालो ते अगदी निश्चिंत मनाने.

सर्व्हिस ॲडव्हायझरने बॉनेट उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला की मला वाटलं दोष सापडला. दोष नव्हे, त्याला सुटका सापडली होती.

"सर, वायरिंग में कट है. वॉरंटी खतम."

"पण हॉर्न तर तुम्हीच बसवलाय."

"हमने नहीं सर. ये बाहर का काम है."

मी बिल काढलं. वर त्यांचंच नाव, खाली त्यांचाच शिक्का. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हां, तो ये उधर का है ना." उधर म्हणजे काचेच्या पलीकडे. काचेच्या इकडे वर्कशॉप, तिकडे ॲक्सेसरी काउंटर. छप्पर एक, मालक एक, कॉफीचं मशीनसुद्धा एक. तरी वर्कशॉपच्या दृष्टीने तो काउंटर 'बाहर'. मी काचेपलीकडे गेलो. तिथल्या मुलाने हॉर्न लगेच ओळखला, म्हणाला, "माल अपना ही है. पर लगाता तो फिटर है, वो ठेके पे है." फिटर कुठाय? तो सोडून गेला. म्हणजे गाडी, बिल, पैसे आणि मी एवढे सगळे हजर होतो, गुन्हेगार तेवढा परागंदा होता.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या गोड आवाजाने सांगितलं की निर्णय डीलर घेईल. डीलर म्हणाला, कंपनीची सिस्टिम क्लेम रिजेक्ट करते, माझ्या हातात काही नाही. मग मी मेव्हण्याच्या सल्ल्याने छोटी ग्वालटोलीत गेलो. गाडीचा सुटा भाग म्हटलं की जुना इंदुरी माणूस आधी तिकडेच वळतो. तिथल्या म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने बंपरखाली हात घातला आणि न बघताच निदान केलं. मोठ्या हॉर्नला करंट जास्त लागतो. त्याला थेट बॅटरीवरून वेगळी लाइन, वेगळा रिले, म्हणजे इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, आणि फ्यूज द्यायचा असतो, आणि कंपनीच्या तारेने फक्त रिलेला इशारा करायचा असतो. आमच्या फिटरने कंपनीचीच तार सोलून तिला चिमटा लावला होता, वर काळी टेप. टेपमध्ये पाणी गेलं, जोड गंजला, शॉर्ट झाला, आणि खिडक्या-लॉक-हॉर्न सांभाळणारा जो डबा असतो, बीसीएम, तो त्यात गेला.

"मग करून द्या," मी म्हटलं. त्याने हात फडक्याला पुसले. "ना भिया. मैंने हाथ लगाया तो आपकी वारंटी चली जाएगी." अख्ख्या शहरात माझ्या वॉरंटीची एवढी काळजी करणारा एकच माणूस भेटला, आणि तो वॉरंटी देणारा नव्हता.

इथून पुढे सूत्रं काकांनी घेतली. रिटायर झाल्यापासून त्यांना भांडायला मंडळ उरलेलं नाही. गाडीबरोबरचं जाडजूड पुस्तक ते चष्मा चढवून दोन दुपारी वाचत होते. पेन्सिलीने खुणा केल्या. त्यांच्या मते त्यात दोन रत्नं होती. पहिलं: बाहेरच्या सामानामुळे जे बिघडेल, ते वॉरंटीत नाही. म्हणजे जे त्यामुळे बिघडलं तेवढंच. ॲडव्हायझरने मात्र पुढच्या सस्पेन्शनची कुरकुरही याच खात्यात टाकली होती. दुसरं: सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साधं कव्हर चढवू नये, ती उघडायला अडते. 'पॅकेज ए'मधल्या कव्हरने आमच्या दोन्ही पुढच्या सीटा गळ्यापर्यंत शिवून टाकल्या होत्या.

कायदाही त्यांनी धुंडाळला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाबाहेर गाडीत फेरफार करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या एका बेकायदा फेरफाराला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बंपर गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली, कारण टकरीचा धक्का गाडीच्या सेन्सरपर्यंत पोचायला हवा तसा पोचत नाही आणि एअरबॅग फसू शकते. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्ट २०१२ मध्ये बोलून बसलंय. आणि एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला नियम ११९ मनाई करतो. आमचा हॉर्न दोन्ही सूर एकदम काढायचा म्हणून थोडक्यात सुटला. हे काकांनी मला वाचून दाखवलं तेव्हा आम्ही पलासियाच्या सिग्नलला त्यांच्या जुन्या गाडीत उभे होतो. शेजारी गार्ड, काळ्या काचा, हूटर आणि कुठल्याशा पदाची पाटी अशी सर्वगुणसंपन्न गाडी उभी होती. तिला कधी कुणी 'वायरिंग में कट है' म्हटलं असेल, असं मला वाटत नाही.

वर्कशॉपमध्ये काका खुर्चीवर बसले आणि मॅनेजरला म्हणाले, "ठीक है. मना कर रहे हो, तो लिखके दे दो. कारण, कलम, तारीख, दस्तखत."

मॅनेजरचा रंग उतरला. "अंकल, लिखने की क्या बात है."

"बात लिखने की ही है."

नकार तोंडी द्यायला हवे तितके तयार होते. कागदावर 'ॲक्सेसरी आमच्याच काउंटरने बसवली' असं लिहून खाली सही करायला कुणी पुढे येईना. ॲडव्हायझरने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने छताकडे. काकांनी पिशवीतून तयार अर्ज काढला, तीन प्रतींत, मधे कार्बन घालून. हल्ली कार्बन मिळतो कुठे, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही. मग अगदी सहज गप्पा मारल्यासारखं म्हणाले की १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन आहे, २०१९ च्या ग्राहक कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी जिल्हा आयोगाची फी दोनशे रुपये. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत चौघं खायला बसलो तर याहून जास्त जातात.

मॅनेजर काचेपलीकडे गेला. आत बराच वेळ मूकपट चालला. हात हलत होते, पोरगं बोट दाखवत होतं, कुणीतरी फोन लावत होतं. तेवढ्यात आमच्यासाठी कॉफी आली, त्या सामाईक मशीनची. परतल्यावर मॅनेजरच्या तोंडी एक नवा शब्द होता: गुडविल. वॉरंटी नाही हं, गुडविल. नवा बीसीएम फुकट, मजुरी फुकट, वायरिंग नीट करून देणार, सस्पेन्शनही बघणार. फक्त तो अर्ज परत घ्यायचा. काकांनी एक प्रत परत दिली, दोन पिशवीत ठेवल्या.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा जॉब कार्डवर बिघाडाचं कारण 'पानी' एवढंच होतं. पाण्याला ठेकेदार नसतो, मालक नसतो, सही तर नसतेच. कव्हरं काढून डिकीत टाकली होती. बाहेर पडताना काउंटरवरच्या मुलाने हाक मारली, "भिया, दरवाजे में नीली लाइट लगवा लो, आपके लिए आधे में!" काकांनी नुसतं वळून पाहिलं. पोरगं कॅटलॉगमागे गेलं.

चौथ्या दिवशी फीडबॅकचा फोन आला. दहापैकी किती गुण द्याल, आणि सर, दहाच द्या, नाहीतर आमचं रेटिंग जातं. मी फोन काकांकडे दिला.

"बेटा," काका म्हणाले, "सवाल लिखके भेजो. हम लिखके जवाब देंगे."