पहिली साठ पानं: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. 'द आय ऑफ द वर्ल्ड' या कादंबरीवरच्या (रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या कल्पनारम्य मालिकेचा पहिला खंड) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की नागपुरात खापरी ते सीताबर्डी मेट्रोत रोज आठ-दहा पानं वाचून चार प्रकरणं संपवली, तरी खेडं, मेंढरं आणि सणाची तयारी यापलीकडे काही घडेना. नावं लक्षात राहत नाहीत, सगळी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनची नक्कल वाटते, आणि १४ खंडांच्या जाळ्यात लोकांना ओढू नये, असंही तुमचं म्हणणं. मला पहिल्या मुद्द्यावरच जास्त बोलायचंय.

तुम्ही पुस्तक चौथ्या प्रकरणावर ठेवलंत आणि कथेतला पहिला मोठा हल्ला पाचव्यात आहे. पण 'अजून एक प्रकरण वाचा' एवढ्याने भागणार नाही, कारण तो हल्ला अंगावर येतो तो पहिल्या प्रकरणामुळे. ते पुन्हा काढून बघा. रँड आणि त्याचे वडील टॅम दारूची पिंपं लादलेल्या घोडागाडीबरोबर पायी गावाकडे निघालेत. वारा असा की अंगावरचा झगा आवरता आवरत नाही. रँड मागे वळून बघतो, तर रस्त्यावर काळा घोडेस्वार, आणि त्याचा झगा त्या वाऱ्यात जराही हलत नाहीये. बस, इतकंच घडतं. सहाव्या प्रकरणात तोच रस्ता परत येतो, पण आता रात्र आहे. रँड रस्त्यावर यायला घाबरतो, कडेच्या झाडीतून जातो, आणि गाडीच्या दांड्या काढून त्यांना घोंगडी बांधलेल्या डोलीवर जखमी बापाला ओढत नेतो. टॅम तापात बरळतोय. काय बरळतो ते सांगत नाही, पण पुढच्या सगळ्या खंडांचं मूळ त्या बरळण्यात आहे. दिवसा तो रस्ता सावकाश चालून झाला नसता, तर रात्री तो किती लांब आहे हे आपल्याला जाणवलंच नसतं.

म्हणून वाचायची पद्धत बदला. पुस्तकात एक पूर्वकथा आणि ५३ प्रकरणं आहेत, एकेक साधारण पंधरा पानांचं. रोज दहा पानं म्हणजे प्रसंग हमखास मधेच तुटतो, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा जोर मागचं आठवण्यात जातो. शनिवार-रविवार दोन बैठकी मारून पूर्वकथा आणि पहिली सात प्रकरणं संपवा. पूर्वकथा तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची आहे, ती आत्ताच समजून घ्यायचा हट्ट नको. मग मेट्रोत रोज एक पूर्ण प्रकरण. विसाव्या प्रकरणात मंडळी तीन वाटांनी फुटतात, तिथे कोण कोणाबरोबर गेलं ते लिहून ठेवा. ३१ ते ३४ ही प्रकरणं मात्र एका दमात वाचा. तिथे काळ मागेपुढे होतो आणि बरेच वाचक तिथेच चुकतात.

नावांसाठी एक चिठ्ठी पुरते. गावातले पाच: रँड, मॅट, पेरिन, एग्वेन, नायनीव्ह. बाहेरचे तिघे: मोरेन, लॅन, थॉम. बाकीची नावं येतील-जातील, सोडून द्या. एक मात्र कळकळीने सांगतो, नाव अडलं म्हणून मोबाइलवर शोधू नका. दोन अक्षरं टाइप केली की खालच्या सूचनांतच कोण मरतं, कोण कोणाशी लग्न करतं ते दिसतं. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, तेवढी बास. २०२१ ची वेब मालिकाही आधी बघू नका, तिने पहिल्या भागाचं मुख्य कोडंच वेगळ्या तऱ्हेने मांडलंय.

टॉल्किनशी साम्य आहेच, आणि ते जाणूनबुजून आहे. वाचकाला सुरुवातीला ओळखीची जमीन मिळावी म्हणून तसं केलं, हे रॉबर्ट जॉर्डन यांनी स्वतः सांगितलंय. पण इथे जादूच्या शक्तीचा पुरुषांचा वाटा नासलेला आहे. जो पुरुष ती वापरेल तो वेडा होणार, म्हणून सत्ता बायकांच्या हातात आहे, आणि नायक ठरणं हीच मुळात भीतीची गोष्ट आहे. शिवाय काळ चक्राने फिरतो, सात युगं पुन्हा पुन्हा येतात. चार युगांची गणती लहानपणापासून ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटकन उमगावं.

१४ खंडांबद्दल: जॉर्डन २००७ मध्ये वारले, त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन खंड लिहिले, आणि २०१३ मध्ये मालिका पूर्ण झाली. म्हणजे अर्धवट सोडलेली कथा नाही. ७ ते १० हे खंड रेंगाळतात, हे खरंच. पण पहिल्याचा शेवट, थोडा घाईत उरकलेला असला तरी, पुस्तक मिटता येईल इतका पुरा आहे. तिथे थांबलात तर काही अडत नाही.

आणि सीताबर्डीवर जुनी प्रत घेणार असाल तर नाव नीट बघा. २००२ मध्ये हाच पहिला भाग किशोरांसाठी दोन पुस्तकांत तोडून काढला होता: 'फ्रॉम द टू रिव्हर्स' आणि 'टू द ब्लाइट'. नुसतं दुसरं हाती लागलं तर कथा मधूनच सुरू होईल. दुसरा खंड आत्ताच मागवू नका, आधी सहावं प्रकरण होऊ द्या.