शांत बसलीय म्हणजे माणसाळली असं नाही

सकाळपासून चौघापाचजणांनी मला एकच रील पाठवलीय. वर लिहिलंय, ‘तुला आवडेल म्हणून’. पुण्यातला फ्लॅट, माशांची रिकामी काचपेटी, तळाशी वर्तमानपत्र आणि त्यावर घोरपडीचं पिल्लू. अंगावरचे पिवळसर ठिपके अजून ठळक आहेत, म्हणजे अगदीच लहान. एक शाळकरी मुलगा चिमट्याने त्याला बोनलेस चिकन भरवतोय. खाली ओळ : ‘रेस्क्यू केलंय, आता आमच्या घरचंच झालंय, बघा किती शांत आहे!’ आणि त्याखाली बदामांचा नुसता पाऊस.

मला नाही आवडलं. सकाळपासून जीव जळतोय माझा.

शांत म्हणे! अरे, ते शांत नाहीये. गारठलंय, घाबरलंय, किंवा खंगत चाललंय. घोरपडीच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती उन्हाकडून घ्यावी लागते. ऊन मिळालं नाही की तिला ना धड पळता येत, ना खाल्लेलं पचत. गारठलेल्या जनावराच्या पोटात कोंबलेलं चिकन तिथेच सडतं. आणि तुम्ही ट्यूबलाइटखाली तिला घास भरवता आणि म्हणता, आमच्या घरचीच झाली!

मी हे एवढ्या ठामपणे बोलतेय, कारण अशी एक घोरपड मी रात्रभर सांभाळलीय. कुडाळजवळ आत्याच्या घरी, जानेवारीत. आत्याच्या परसात भाजीला गुरं लागू नयेत म्हणून मासेमारीचं जुनं जाळं बांधलेलं होतं. तिन्हीसांजेला कुत्रा भुंकायचा थांबेना म्हणून गेलो, तर जाळ्यात हातभर लांब घोरपड. नायलॉनचा दोरा पुढच्या पायाच्या बगलेत असा रुतलेला की कातडी कापून आत गेला होता. डोळ्यांवर पोतं टाकलं तेव्हा कुठे तिचं फुत्कारणं थांबलं. शेजारच्या दादांनी तिला दाबून धरलं आणि मी नखं कापायच्या कात्रीने एकेक दोरा तोडला. गळ्याची कातडी भात्यासारखी फुगत होती, बसत होती. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मग 1926 ला फोन लावला. वनखात्याचा टोल-फ्री नंबर आहे, फोनमध्ये आत्ताच्या आत्ता सेव्ह करा. तिथून वनरक्षकांशी बोलणं झालं. ते म्हणाले, रात्री गाडी निघणार नाही, सकाळी येतो. तोवर मोठ्या डब्यात ठेवा, झाकणाला भोकं पाडा, अंधार ठेवा, खायला काही देऊ नका, जखमेला काही लावू नका, आणि सारखं उघडून बघू नका.

यातली प्रत्येक गोष्ट आत्याच्या जिवावर आली. ती हळद घेऊन उभी. वाटीत दूध घेऊन उभी. ‘उपाशी आसतली गो ती, वायच दूध घाल.’ माया आहे ती, मला कळतं. पण घोरपड दूध पीत नाही हो! ती बीटल, अळ्या, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी खाते, मेलेलं जनावरही खाते. तुमच्या शेतातले उंदीर खाते ती, आणि तुम्ही तिला काठीने मारता. पोवाड्यात सिंहगडाचा कडा चढणारी घोरपड ऐकली की आपल्या अंगावर काटा येतो, इतिहासकार त्या गोष्टीबद्दल काहीही म्हणोत. तीच कुंपणापाशी दिसली की हाकाटी.

त्या मुलावर मला राग नाही. खरंच नाही. कुणीतरी दगड मारत होतं म्हणून त्याने ते उचलून आणलं, असं त्याच्या आईने खाली लिहिलंय. या वयात दगड टाकून देऊन पिल्लू उचलणारं पोर आहे ते, त्याचं मला कौतुकच आहे. राग आहे तो खालच्या मोठ्या माणसांवर. ‘आम्हालाही हवंय’, ‘कुठे मिळेल’, ‘किती क्यूट’. एकानेही विचारलं नाही की त्याला ऊन कुठून मिळतं. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. हाडांना कॅल्शियम लागायला जो अतिनील किरण लागतो, त्यातला बराचसा काच अडवते. आणि बोनलेस चिकनमध्ये कॅल्शियम नावालाच. काही महिन्यांत हाडं मऊ पडतात, जबडा वाकतो, पाय अंगाचा भार पेलेनासे होतात. तेव्हाही ते ‘शांत’च दिसेल, जास्तच शांत. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो, आणि रीलमध्ये ते पोर त्याच हाताने बिस्किट खातंय.

कायद्याचंही सांगते, कारण कुणालाच माहीत नसतं असं दिसतंय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ आहे त्याच यादीत. ती पाळता येत नाही, जीव वाचवून आणली असली तरी नाही. असं जनावर हाती आलं तर 48 तासांच्या आत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवायचं असतं. गुन्हा ठरला तर तीन ते सात वर्षं कैद आहे. त्या आईला हे मी मेसेज करून सांगितलंय. तिचं उत्तर आलं, ‘ते लोक नेऊन मारून टाकतील, आमच्याकडे निदान प्रेमाने राहील.’

हे वाक्य मात्र डोक्यात गेलं माझ्या.

हो, सरकारी गाडी उशिरा येते. आत्याकडेही सकाळी येतो म्हणाले आणि यायला दुपार झाली. मान्य. पण आले. सोबत गुरांचे डॉक्टर आणले. त्यांनी जखम धुतली, टाके घातले, आणि दोराच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाले, स्नायू शाबूत आहे, चढेल ही. ती बरी झाल्यावर त्याच भागात सोडली, सोडल्याचा व्हिडिओ आत्याला पाठवला. आत्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवते.

त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. उजाडल्यावर आत्या डब्याशी वाकून म्हणाली, ‘बघ, गपगार बसली हा. माणसाळली.’ खरंच हलत नव्हती. डोळे मिटलेले, रंग काळपट. थोड्या वेळाने ऊन अंगणात आलं आणि डब्याच्या अर्ध्या भागावर पडलं. आधी एक डोळा उघडला. मग जीभ बाहेर आली, लांब, निळसर, टोकाला दुभंगलेली. मग नखांनी प्लास्टिक ओरबाडायचा आवाज सुरू झाला तो गाडी येईपर्यंत थांबलाच नाही. आत्या दोन पावलं मागे सरकली. ‘माणसाळली’ हा शब्द तिने परत उच्चारला नाही.

म्हणून ती रील बघवत नाही मला. त्या पिल्लाचे मिटलेले डोळे दिसतात. आणि भीती वेगळीच वाटते. आज ‘कुठे मिळेल’ विचारणारे उद्या पैसे देऊन विचारतील. विकणारे आहेतच. नर घोरपडीचं लिंग वाळवून ‘हत्था जोडी’ नावाची दुर्मिळ मुळी म्हणून, घरात लक्ष्मी येते म्हणून, ऑनलाइन विकलं जात होतं, 2017 साली त्याचा बोभाटा झाला. शिकलेली माणसं ते देव्हाऱ्यात ठेवत होती! सुधारता येत नाही असं नाही. गोव्यात आरतीला वाजणाऱ्या घुमट या वाद्याला पिढ्यानपिढ्या घोरपडीचं कातडं लागायचं, आता बकरीचं लावतात, 2019 मध्ये ते राज्याचं वारसा वाद्यही झालं. गणपतीतल्या आरत्या काही थांबल्या नाहीत.

त्या रीलला बदाम दिला असेल तर काढा. पुढे पाठवू नका. त्या आईला शिव्या घालू नका, मुलाला तर अजिबात नको. माझं तिच्याशी बोलणं चालू आहे.

आणि ज्यांच्या परसात, बागेत, कोंबड्यांच्या खुराड्याभोवती नायलॉनचं जुनं जाळं जमिनीला टेकून बांधलेलं आहे, त्यांनी या रविवारी ते सोडवा. आत्याने आता काटक्यांचं कुंपण घातलंय, भाजी तेवढीच येते. जमतच नसेल तर निदान खालून वीतभर मोकळं ठेवा. सोडवताना आत काही अडकलेलं सापडलं तर आधी डोळ्यांवर फडकं टाका, मग 1926. फोटो नंतर.