चिठ्ठी कोपकेची, हात लेहमानचे

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज फिरतोय. आधी शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर दिसला, मग पेठेतल्या मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. परवा तोच मेसेज ताईनं पाठवला आणि खाली विचारलं, "फी भरून टाकू का?" भाचा 10 वर्षांचा आहे, इथे कोल्हापुरातच खेळतो आणि गोलमध्ये उभं राहायला त्याला मनापासून आवडतं. म्हणून आता दुर्लक्ष करणं शक्य नाही.

मेसेजचं म्हणणं असं: मोठा गोलकीपर हा गोलकीपर कोचच घडवतो. खेळाडू फक्त उडी मारतो, कुठे मारायची ते कोच ठरवतो. पुरावे म्हणून चार प्रसंग दिलेत. शेवटी सल्ला आहे की मुलाला आठव्या वर्षापासून स्वतंत्र कीपर कोच लावा, नाहीतर वेळ निघून जाईल. त्याखाली एका अकादमीचा फोन नंबर.

पहिला पुरावा 2006 च्या वर्ल्ड कपमधल्या चिठ्ठीचा. बर्लिनमध्ये जर्मनी-अर्जेंटिना क्वार्टर फायनल 1-1 वर अडकली आणि पेनल्टी शूटआउट आलं, म्हणजे दोन्ही टीमनी आळीपाळीनं थेट गोलवर किक मारायच्या. जर्मनीचे कीपर कोच आंद्रेआस कोपके यांनी हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीनं अर्जेंटिनाचे खेळाडू आणि त्यांच्या सवयी लिहून दिल्या होत्या. जर्मनीचा कीपर येन्स लेहमाननं तो कागद मोज्यात खोचला, प्रत्येक किकआधी काढून वाचला, दोन पेनल्टी अडवल्या आणि जर्मनी 4-2 नं जिंकली. मेसेज म्हणतो, "मॅच चिठ्ठीनं जिंकली."

त्या चिठ्ठीवर काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्यानं बघितलेलंच नाही. कागद काही गुप्त नाही. पुढे मदतनिधीसाठी त्याचा 10 लाख युरोंना लिलाव झाला आणि आज तो बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्यावर सात नावं आहेत: रिकेल्मे, क्रेस्पो, हाइन्झे, अयाला, मेस्सी, आयमार, माक्सी रोद्रिगेझ. यातले रिकेल्मे आणि क्रेस्पो शूटआउटच्या आधीच बदली होऊन बाहेर गेले होते. मेस्सी आणि आयमार बाकावरून उठलेच नाहीत. हाइन्झे मैदानात होता, पण त्याची पाळी आली नाही. म्हणजे सातांपैकी पाच नावांचा त्या रात्री काही उपयोग झाला नाही. उरले दोन. अयालाची किक लेहमाननं अडवली. माक्सीचंही नाव कागदावर होतं, तरी त्यानं गोल केला.

अर्जेंटिनाकडून किक मारणारे बाकीचे दोघे क्रूझ आणि कांबियासो. क्रेस्पोच्या जागी आला तो क्रूझ, रिकेल्मेच्या जागी आला तो कांबियासो. दोघांचीही नावं कागदावर नव्हती. क्रूझनं गोल केला. शेवटी कांबियासो किक घ्यायला आला तेव्हा लेहमाननं मोज्यातून कागद काढला, सावकाश बघितला, परत ठेवला आणि पेनल्टी अडवली. ज्या क्षणी सामना संपला, त्या क्षणी चिठ्ठीत सांगण्यासारखं काही नव्हतं. लेहमानकडे आपल्या सवयींची माहिती आहे असं समोरच्याला वाटत राहावं, हे त्यानं तिथल्या तिथे साधलं. ते डोकं त्याचं होतं आणि हातही त्याचेच.

दुसऱ्या बाजूला जर्मनीच्या नॉयव्हिल, बालाक, पोडोल्स्की आणि बोरोव्स्की या चौघांनी चारही पेनल्टी गोलात मारल्या. त्यांच्यासमोर अर्जेंटिनाचा बदली कीपर फ्रँको होता, कारण पहिला कीपर आबोंदान्झिएरी जखमी होऊन बाहेर गेला होता. यातलं काय काय कोपके यांच्या खात्यावर टाकायचं?

एवढं मात्र कबूल करावं लागेल की कोपके यांनी अभ्यास केला होता आणि अयालाच्या वेळी तो हाताशी होता. पेनल्टी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 1996 च्या युरो सेमीफायनलमध्ये वेम्बलीवर इंग्लंडच्या साउथगेटची पेनल्टी अडवणारा कीपर तेच होते. चांगला कीपर कोच तयारी करून देतो. सामना तो खेळत नाही.

दुसरा पुरावा 2014 च्या वर्ल्ड कपचा, आणि तो तर मेसेजच्याच विरोधात जातो. कोस्टारिकाविरुद्ध एक्स्ट्रा टाइम संपता संपता नेदरलंड्सचे कोच व्हॅन गाल यांनी पहिला कीपर सिलेसेनला बाहेर काढून बदली कीपर टिम क्रुलला आत आणलं. क्रुलनं रुइझ आणि उमान्याच्या पेनल्टी अडवल्या आणि नेदरलंड्स जिंकले. कीपर कोच फ्रान्स हुक यांची तयारी त्यामागे होती, हे खरं. पण चारच दिवसांनी सेमीफायनलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पुन्हा शूटआउट झालं. हुक तेच, तयारी तीच, फक्त बदली खेळाडू संपल्यामुळे क्रुलला आणता आलं नाही. सिलेसेनच उभा राहिला, एकही पेनल्टी अडली नाही, नेदरलंड्स 4-2 नं हरले. कोच तोच असताना निकाल उलटा लागतो, याचं उत्तर मेसेजमध्ये नाही. वर त्या दिवशी अर्जेंटिनाच्या गोलमध्ये होता रोमेरो. तो आधी एझेड आल्कमार क्लबमध्ये व्हॅन गाल यांच्याच हाताखाली खेळला होता. रोमेरोला पेनल्टी अडवायला आपणच शिकवलं, असं व्हॅन गाल सामन्यानंतर म्हणाले. मग अर्जेंटिनाच्या त्या विजयाचंही श्रेय हरलेल्या टीमच्या कोचला द्यायचं का?

तिसरा पुरावा अर्जेंटिनाचा कीपर एमी मार्टिनेझ. मेसेज म्हणतो, "कोच बदलला आणि तारा जन्मला." मार्टिनेझ 2010 मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबला आला आणि पुढची दहा वर्षं बहुतेक बाकावर किंवा उसन्यावर काढली. ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रोदरहॅम, वोल्व्ह्‌ज, हेताफे, रेडिंग असा सगळा प्रवास. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी कीपर कोच होताच. त्याचं दार उघडलं ते जून 2020 मध्ये ब्रायटनविरुद्ध आर्सेनलचा पहिला कीपर लेनोचा गुडघा दुखावला तेव्हा. पुढे अॅस्टन व्हिला क्लबचे तेव्हाचे कीपर कोच नील कटलर यांना त्यानं भरभरून श्रेय दिलंय, आणि तितक्याच मोकळेपणानं क्रीडा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीस्टली यांनाही. 2022 च्या कतार वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला फ्रान्सच्या कोलो मुआनीचा शॉट डाव्या पायानं अडवला, त्या क्षणी त्याला कोण काय सांगू शकत होतं?

चौथा पुरावा इंग्लंडचा कीपर पिकफर्डची पाण्याची बाटली. युरो 2024 मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध बाटलीवर "अकांजी, डावीकडे" असं लिहिलं होतं आणि पिकफर्डनं अकांजीची पेनल्टी अडवली, हे बरोबर आहे. त्याच शूटआउटमध्ये पुढचे तिन्ही स्विस खेळाडू गोल करून गेले. इंग्लंडच्या पाचांनी पाच मारल्या नसत्या तर बाटलीचा फोटो कुणी छापला नसता.

आता तो सल्ला. मला खरी चीड त्याची आहे, कारण चार प्रसंगांवर वाद घालून कुणाचं नुकसान होत नाही, सल्ल्यानं होतं. आठव्या वर्षी मुलाला गोलमध्ये उभं करून "आता हीच तुझी जागा" म्हणणं म्हणजे त्याचे पाय बांधणं आहे. 1992 पासून सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला पास कीपरला हातात घेता येत नाही. त्यामुळे आजच्या कीपरला बॉल पायावर घेता यायला हवा, दबावाखाली पास द्यायला हवा, बचावफळीच्या मागे धावत यायला हवं. हे सगळं मूल शिकतं ते बाकीच्यांबरोबर मैदानभर खेळून. एका कोपऱ्यात कडक जमिनीवर उड्या मारून कोपरं सोलून घेतल्यानं ते येत नाही. बेल्जियमचा कीपर कुर्त्वा सुरुवातीला लेफ्ट-बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू होता. फ्रान्सचा लोरिस 13 वर्षांचा होईपर्यंत फुटबॉलबरोबर टेनिसही जोरात खेळत होता, आणि 2018 चा वर्ल्ड कप त्यानं कप्तान म्हणून उचलला. कीपर निक पोपला इप्सविच क्लबनं 16 व्या वर्षी सोडून दिलं होतं, तो बरी टाउनसारख्या छोट्या क्लबमध्ये खेळत राहिला आणि 2018 मध्ये इंग्लंडच्या वर्ल्ड कप संघात होता. यांच्यापैकी कुणाची वेळ निघून गेली?

आणि आईबापांना घाबरवून पैसे काढणं मला सहन होत नाही. आपल्याकडे पेठापेठांतली पोरं तालमीच्या मैदानावर खेळत मोठी होतात. बुटांचे पैसे जमवायलाही घराला विचार करावा लागतो. त्या घराला "आत्ताच लावा, नाहीतर संपलं" असं सांगणाऱ्यानं निदान एवढं तरी सांगावं की त्याचा कोच आठवड्यातून किती वेळ मुलाला बाकीच्या टीमबरोबर खेळू देणार आहे. ताईनं त्या नंबरवर फोन करून हेच विचारलं. उत्तर आलं, "आमच्याकडे फक्त कीपिंग."

फी भरायची नाही असं ठरलंय. भाचा आठवड्यातून एक दिवस मैदानावरच्या जुन्या कीपरकडून पकड आणि उभं राहण्याची जागा शिकेल, बाकीचे दिवस सगळ्यांबरोबर, आज मिडफिल्डला तर उद्या बॅकला खेळेल. 13-14 चा झाल्यावरही गोलमध्येच उभं राहावंसं वाटलं, तर कीपर कोच शोधायला मी स्वतः त्याच्याबरोबर जाईन.