बॅटरीची वायर काढली की आयडलिंग सुधारतं म्हणे!

नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस) लागला की नागपुरात दोन गोष्टी हमखास फिरतात: कूलरचे पंखे आणि गाडीच्या रामबाण उपायांचे मेसेज. या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तो असा: "सिग्नलवर गाडी थरथरते? आरपीएमचा काटा नाचतो? बॅटरीची मायनस वायर १५ मिनिटं काढा, कॉम्प्युटर रीसेट होतो. नाही जमलं तर थ्रॉटलचा स्क्रू अर्धा फेरा आवळा. मग थ्रॉटलमध्ये कार्ब क्लीनर मारा. तरीही फरक नाही? म्हणजे ई२० पेट्रोलचा दोष. गॅरेजवाले याचेच हजारो रुपये उकळतात." खाली अंगठेच अंगठे.

वायरचं आधी, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. वायर काढली, जोडली, गाडी दीड दिवस शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या दिवशी व्हरायटी चौकात पुन्हा गचके. मेकॅनिकने स्कॅनर लावला, आत काहीच नाही. म्हणाला, "कोडच उडवून आणले न भाऊ तुम्ही!" खरंच होतं. बहुतेक गाड्यांत वायर काढली की ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, नोंदवलेले बिघाडाचे कोड जातात. किती पेट्रोल कमी-जास्त करायचं, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडी ठेवायची, हे तो चालता चालता शिकलेला असतो. तेही पुसलं जातं. मग तो कोऱ्या पाटीवरून सुरुवात करतो, म्हणून चार घटका बरं वाटतं. दुखणं जागेवरच.

म्हणून आधी वाचा, मग पुसा. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे बिघाडाचे कोड वाचायचं, सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथचा छोटा डोंगल आणि मोबाइलवरचं अ‍ॅप, एवढं पुरतं. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर मिस होतोय (त्यात पेट्रोल नीट पेटत नाही), पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला धरून नाही, पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पी०५०६ आणि पी०५०७ म्हणजे आयडल हवं त्यापेक्षा कमी किंवा जास्त. कोड तक्रार सांगतो, पार्ट नाही. पी०१७१ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावू नका.

स्क्रूचा सल्ला प्रीमियर पद्मिनीच्या काळात बरोबर होता. कार्बोरेटरला स्लो रेसचा स्क्रू असायचाच, तो फिरवून काटा जागेवर आणता यायचा. आता आयडल ईसीयू ठरवतो. केबलच्या थ्रॉटलवर जो स्क्रू दिसतो, तो झडप पूर्ण मिटून अडकू नये म्हणून कारखान्यात लावलेला असतो. तो फिरवला की ईसीयूला वाटतं पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आहे. पुढचा गोंधळ निस्तरायला खरोखर हजारो लागतात.

क्लीनरचं मात्र अर्धं खरं आहे. झडपेच्या कडेला काजळी साचली की आयडलला हवा कमी पडते आणि एसी लागला की गाडी बंद पडायला येते. पण कार्ब क्लीनर नको, थ्रॉटल बॉडीचाच स्प्रे घ्या. काही थ्रॉटलना आतून लेप असतो, तो खराब होतो. इंजिन बंद आणि गार असू द्या, स्प्रे कापडावर घेऊन पुसा, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर रेस काही वेळ चढी राहिली तर घाबरू नका. ईसीयूला जुन्या काजळीची सवय झालेली असते. काही गाड्यांत स्कॅनरने नव्याने शिकवावं लागतं.

आता मेसेजने जे सांगितलंच नाही ते. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांना, जोडलेले रबरी पाइप. आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त. रबर कडक होतं, टोकाशी तडकतं. त्यात पार्किंगमधले उंदीर. तडकलेल्या पाइपातून न मोजलेली हवा आत शिरते. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मिश्रण पातळ होऊन इंजिन मिस होतं. मॅप सेन्सरवाल्या (हवा न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत उलट रेस वाढते किंवा काटा वर-खाली झुलतो. शोधायचं कसं? कूलरच्या पंपाचा जुना पाइप नागपुरात कोणाच्या घरी नाही? तीन फुटांचा तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं चालू इंजिनाच्या पाइपांच्या जोडांजवळ फिरवा. पट्टा आणि पंख्यापासून हात व ओढणी लांब. जिथे सूं-सूं ऐकू येईल तिथे गळती. गरम इंजिनवर क्लीनर फवारून गळती शोधायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका, पेटतं.

माझ्या गाडीत ब्रेक बूस्टरकडे (ब्रेक हलका करणाऱ्या भागाकडे) जाणारा पाइप चिरलेला निघाला.

ई२०चं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं, काय? इंधनाबद्दल तक्रारी असू शकतात, जुन्या गाड्यांच्या रबरी भागांबद्दल तर नक्कीच. पण टाकीतलं पेट्रोल चारही सिलिंडरना सारखंच जातं. फक्त दुसराच मिस होत असेल तर पेट्रोल पंपाला नाही, दुसऱ्याच्या ठिणगी पाडणाऱ्या प्लग-कॉइलला विचारा. इंजिन बंद करून त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवा. कोड तिच्यामागे गेला तर कॉइलच दोषी. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

आणि काटा स्थिर, सायलेन्सरचा आवाज एकसारखा, तरी स्टिअरिंग थरथरतंय? मग इंजिन बहुधा ठीक आहे, माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ती रबरं) बघा.

गॅरेजवाले लुटतात, हे सगळ्यांना लागू नाही, पण कोऱ्या मनाने गेलात तर चार कॉइलचं बिल मिळू शकतं. मी आता चिठ्ठी घेऊन जातो: "गार असताना आरपीएम १३००, तीन मिनिटांत ८००. एसी लावल्यावर ६००, परत चढत नाही. कोड पी०५०६. पाइप तपासले, सूं-सूं नाही. रेडिएटरचा पंखा फिरतो."