‘ऐकीव’ म्हणणाऱ्या वाचकांस

‘जिज्ञासू’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस नमस्कार.

1960च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतल्या केनेडी-निक्सन टीव्ही डिबेटने निवडणूक कायमची बदलली, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली आपण तीन मुद्दे मांडलेत. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटला, ही गोष्ट कच्च्या पुराव्यावर उभी आहे. चारही डिबेट शिकागोत झाली नाहीत. आणि 1964, 68, 72 मध्ये डिबेट झालीच नाहीत, मग टीव्हीने निवडणूक ‘कायमची’ बदलली कशी? शिवाय जाता जाता: ‘ऐकीव गोष्टींवर किती दिवस दुकान चालवणार?’

शिकागोचं मान्य. तिथे फक्त पहिलं झालं, 26 सप्टेंबर 1960चं. तिसऱ्या वेळी तर निक्सन लॉस एंजेलिसला आणि केनेडी न्यूयॉर्कला होता. चूक झाली की कबूल करावी, असं आमच्या घरात शिकवलं. समोरच्याशी नीट बोलावं, हेही शिकवलं होतं. असो.

आता ‘दुकान’. या ब्लॉगवर एक जाहिरात दाखवा. बारा वर्षं पदरमोड करून लिहितोय.

आणि ‘ऐकीव’? अहो, 1992 साली मी ओहायोत शिकत होतो. 15 ऑक्टोबरच्या रात्री आम्ही चार पोरं एका फाटक्या सोफ्यावर दाटीवाटीने बसून, खिचडीच्या ताटल्या मांडीवर घेऊन, रिचमंडचं डिबेट बघत होतो. अध्यक्षपदाचे तीन उमेदवार: बुश, क्लिंटन, पेरो. प्रेक्षकांतली एक बाई उठली, राष्ट्रीय कर्जाची झळ तुम्हाला स्वतःला कशी बसली म्हणून विचारायला. त्याच सुमाराला थोरल्या बुशने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आमच्यातला नांदेडचा गडी म्हणाला, ‘याला यष्टी गाठायचीय का?’ पुढे क्लिंटन उठून थेट त्या बाईच्या दिशेने चालत गेला. बुश कर्जाबद्दल काय बोलला, ते आज मला सांगता येणार नाही. घड्याळ आठवतं. रेडिओवर ते कुणाला ऐकू आलं असतं? ऐकीव कसलं, बघीव म्हणा हवं तर.

निक्सनचंही तेच. गुडघ्याच्या दुखण्याने ऑगस्टमध्ये इस्पितळात पडलेला, वजन उतरलेलं, करडा सूट मागच्या करड्या भिंतीत विरलेला, दाढीची सावली झाकायला पावडर थापलेली आणि हनुवटीवर घाम. हे कुणी मला कट्ट्यावर सांगितलेलं नाही. फीत यूट्यूबवर आहे, तुम्हीही बघा. टीका करण्याआधी बघितली असतीत तर बरं झालं असतं.

रेडिओवाल्या सर्वेक्षणात श्रोते मोजकेच होते म्हणता. असतील. माझा लेख सर्वेक्षणावर नव्हताच, त्यावर मी जेमतेम दोन परिच्छेद लिहिले होते.

तिसऱ्या मुद्द्यात फार वेळ घालवत नाही. 68 आणि 72 ला उमेदवार कोण होता? निक्सनच. एकदा पोळलेला माणूस पुन्हा डिबेटला का उभा राहिला नाही, हे तुम्हीच शोधा. तुमचं वाचन दांडगं आहे, हे तुम्ही सुचवलंच आहे.

लेखात शिकागोची दुरुस्ती केली आहे. तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, शुद्धलेखनासकट तशीच ठेवली आहे.