लिंबू, सोडा आणि बर्फाचं पाणी: घरच्या मॅनिक्युअरच्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, सगळीकडे सध्या एकच फॉरवर्ड फिरतोय. ‘पार्लरला पैसे कशाला घालवता? घरच्या वस्तूंनी १५ मिनिटांत सलोनसारखं मॅनिक्युअर!’ खाली कृती दिली आहे. कोमट पाण्यात लिंबू पिळून खायचा सोडा टाका आणि हात १० मिनिटं बुडवा. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली कातडी, नेलकटरने कापून काढा. नखं पिवळी असतील तर टूथपेस्टने घासा, पांढरे ठिपके असतील तर कॅल्शियमच्या गोळ्या घ्या, वाढ हवी तर लसूण चोळा. नेलपेंट थेट लावा आणि बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवा, लगेच वाळतं. अधूनमधून नखांना श्वास घेऊ द्या. पार्लरची चमक हवीच असेल तर ऑनलाइन जेल किट मागवा, एका किटमध्ये अख्खं घर होतं.

आधीच सांगून टाकते, कोथरूडला माझं छोटं पार्लर आहे. ‘हिचं गिऱ्हाईक जातंय म्हणून बोलतेय’ असं कुणाला वाटलं तर वाटू दे. मथळ्याशी माझं भांडण नाहीच. घरी पार्लरसारखी नखं होतात, अगदी झकास होतात. पण ती होतात कोरड्या स्वच्छ नखामुळे, रंगाच्या पातळ हातांमुळे आणि बसून राहायच्या तयारीमुळे. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच कुठे नाही.

पहिलं, लिंबू-सोड्याचं पाणी. दोन्ही एकत्र आले की फसफसतं आणि काहीतरी जबरदस्त चाललंय असं वाटतं. चाललेलं एवढंच असतं की आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम सायट्रेटचं पाणी उरतं. प्रमाण बरोबर जमलं तर हात जवळजवळ साध्या पाण्यातच बुडवलेत. प्रमाण चुकलं तर मात्र भोगावं लागतं. आपल्या मंडईत मिळतं ते कागदी लिंबू. त्यात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर राहिली आणि वर ऊन पडलं, की एक-दोन दिवसांत लाली येते, कधी फोड येतात, आणि मग तपकिरी डाग पडतात. ते जायला आठवडे, कधी महिने लागतात. नखांच्या कडेला रस राहून जातो, आणि आपण भर दुपारी स्कूटर काढून लक्ष्मी रोडला निघतो. (कोपरापर्यंतचे मोजे घालणाऱ्या पुणेकरणींना लोक हसतात. इथे त्या वाचतील.)

सोडा जास्त झाला तर वेगळीच गंमत होते. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नखांवर हळद असतेच. हळद अल्कलीत लाल होते, हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते याच कारणाने. म्हणजे पिवळी नखं पांढरी करायला बसायचं आणि तांबूस करून उठायचं. हळद तेलात विरघळते. थोडं खोबरेल चोळून साबणाने धुतलं की बरीचशी निघते, उरलेली दोन-चार दिवसांत जाते.

पण लिंबू आणि सोडा दोन्ही वगळले तरी उरतं ते पाणी, आणि घरच्या मॅनिक्युअरचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. नख पाणी चटकन पितं, फुगतं, मऊ पडतं. त्या फुगलेल्या नखावर रंग लावला आणि नंतर नख वाळून मूळ आकाराला आलं, की वरच्या थराला ते झेपत नाही. दुसऱ्या दिवशी टोकाला टवके उडतात आणि आपण नेलपेंटच्या कंपनीला नावं ठेवतो. मग पार्लरमध्ये पाण्याचं भांडं कशाला असतं? क्युटिकल मऊ व्हायला, आणि खरं सांगू का, गिऱ्हाइकाला बरं वाटायला. पण त्यानंतर मसाज होतो, गप्पा होतात, मधे बराच वेळ जातो. शेवटी रंगाच्या आधी प्रत्येक नख नेलपेंट रिमूव्हरच्या कापसाने पुसलं जातं, कारण क्रीम किंवा तेल राहिलं तर रंग धरत नाही. ही पुसणी अर्ध्या मिनिटाची असते आणि घरी हमखास राहून जाते. हल्ली कितीतरी पार्लरमध्ये पाणी न वापरताच मॅनिक्युअर करतात. घरी तेच करा. फाइलही कोरड्या नखावर, कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने. ओल्या नखावर मागेपुढे घासलं की टोकाचे पापुद्रे सुटतात. बफरचं, म्हणजे नख घासून चमकवायच्या पट्टीचंही तसंच. चमक यावी म्हणून दर आठवड्याला घासत बसलं की नख पातळ होत जातं.

दुसरं, क्युटिकल नेलकटरने कापणं. या फॉरवर्डमधलं एकच वाक्य खोडायची मुभा असती तर मी हे खोडलं असतं. नखाच्या मुळाशी कातडीची जी घडी असते, ती नख आणि बोट यांच्यामधली फट बंद ठेवते. ती कापली की जिवंत कातडीला जखम होते, जंतू आणि बुरशीला आत जायला वाट मिळते आणि होतं ते नखुरडं. बोट सुजतं, ठणकतं, पू धरतो. ज्यांचे हात दिवसभर पाण्यात असतात, म्हणजे भांडी-धुणं करणाऱ्या मावशी, केटरिंगवाल्या, घरात लहान बाळ असलेल्या बायका, त्यांना हा त्रास जुनाट होऊन बसतो. मधुमेह असेल तर या भानगडीत पडूच नये. नखुरड्यावर बोटाला लिंबाची टोपी घालायचा उपाय बऱ्याच घरांत अजून चालतो. आजीचा मान राखून सांगते, पू दिसला तर डॉक्टरकडे जा.

चांगल्या पार्लरमध्ये काढतात ती ही घडी नव्हे. नखाच्या पाठीवर मेलेल्या कातडीचा एक पातळ पापुद्रा चिकटलेला असतो, तो काढतात. त्यासाठी क्युटिकल रिमूव्हर मिळतो. बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचा, जास्त नाही, कारण तो चांगलाच अल्कलीयुक्त असतो. मग ऑरेंज स्टिकला, म्हणजे नखांसाठीच्या बारीक लाकडी काडीला, कापूस गुंडाळून हलक्या हाताने मागे सारायचं आणि हात धुवायचे. हात धुतले की रंगाची घाई नको, नख पूर्ण वाळू द्यायचं. आंघोळीनंतर टॉवेलने मागे सारलं तरी पुष्कळ काम होतं, फुकटात. निपरला, म्हणजे कातडी कापायच्या छोट्या पकडीला, हात लावायचा तो फक्त नखाकडेच्या सुटलेल्या सालीसाठी. ती ओढायची नाही, बुडाशी कापायची.

टूथपेस्टबद्दल थोडक्यात. त्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरवरचा मळ जातो. पण गडद लाल-मरून नेलपेंटने आलेला पिवळेपणा नखाच्या आत मुरलेला असतो, तो नखाबरोबर वाढून पुढे येतो आणि कापला जातो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला ४ ते ६ महिने जातात. तेवढं थांबायचं आणि पुढच्या वेळी रंगाखाली बेस कोट लावायचा.

पांढरे ठिपके म्हणजे कॅल्शियम कमी, हे तर आपल्याकडे शिकलेली माणसंही छातीठोक सांगतात. नखाचा कडकपणा केराटिन नावाच्या प्रथिनामुळे असतो, कॅल्शियम त्यात नगण्य. ते ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाला बसलेल्या छोट्या माराचे असतात. दारात बोट सापडलं, टायपिंग करताना आपटलं, कुणीतरी क्युटिकल जोर लावून मागे ढकलली. ठिपका वर दिसेपर्यंत आपण ते विसरलेलो असतो. गोळ्या घ्यायच्या तर डॉक्टरांना विचारून, नखावरचे ठिपके मोजून नाही. उलट नख चमच्यासारखं खोलगट होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असण्याचं ते लक्षण असू शकतं, आणि आपल्या बायकांमध्ये तो त्रास काही दुर्मीळ नाही.

लसूण चोळून नख वाढत नाही. कच्ची लसूण कातडीवर ठेवली तर भाजल्यासारखे फोड मात्र येतात. चटणीत घाला.

आता रंग. ‘थेट लावा आणि बर्फाच्या पाण्यात बुडवा’ यात एका वाक्यात दोन चुका आहेत. बेस कोट का हवा ते वर आलंच, शिवाय त्याच्यावर रंग धरून राहतो. बर्फाचं म्हणाल तर नेलपेंट म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, इथाइल आणि ब्युटाइल अॅसिटेट अशा द्रावकांत विरघळवलेलं. द्रावक उडून गेला की थर घट्ट होतो. गारव्यात द्रावक सावकाश उडतो, भरभर नाही. थंडीने वरचा पृष्ठभाग तात्पुरता कडक लागतो, म्हणून वाळलं असं वाटतं. खाली ओलंच असतं, आणि रात्री चादरीची वीण नखावर उमटते. जाड थर हे त्याचं खरं कारण. पार्लरमधली मुलगी ब्रश बाटलीच्या तोंडावर निपटून घेते, नखाच्या मध्यावर एक पट्टा, दोन्ही बाजूंना एकेक, झालं. कातडीपासून केसभर अंतर सोडते. दोन पातळ हात, मधे काही मिनिटं, वर टॉप कोट. आणि प्रत्येक वेळी ब्रश नखाच्या टोकाच्या धारेवरून फिरवते. टवके तिथूनच सुरू होतात, त्यामुळे ही धार झाकली की रंग जास्त दिवस टिकतो. कडेला सांडलेलं रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने पुसून घ्या. घरची नखं आणि पार्लरची नखं यांत डोळ्याला दिसणारा फरक बहुतेक याच कडेचा असतो.

नखांना ‘श्वास’ वगैरे काही लागत नाही. नखाचं दिसतं ते पान मृत पेशींचं आहे, मुळाशी नख तयार व्हायला जे लागतं ते रक्तातून येतं. रंगाला मधे सुट्टी दिली तर बिघडत नाही, कारण सतत रिमूव्हर लावून नखं कोरडी पडतात. तेवढ्यापुरतं ठीक.

राहिलं जेल किट, आणि इथे मी गंभीर आहे. जेल नेलपेंट नेहमीच्या रंगासारखं वाळत नाही, दिव्याच्या अतिनील किरणांनी त्यातली मेथॅक्रिलेट द्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन घट्ट होतात. दिवा त्या जेलशी जुळणारा नसेल किंवा थर जाड असेल, तर आत कच्चं जेल राहतं. ते कातडीला लागत राहिलं तर अॅलर्जी होऊ शकते. बोटांना खाज, भेगा, नख बोटापासून सुटणं, कधी पापण्यांवर पुरळसुद्धा, कारण हात तिथे जातोच. ही अॅलर्जी सहसा जन्मभर राहते. याच जातीची द्रव्यं दातांच्या फिलिंगमध्ये आणि सांधेबदलाच्या सिमेंटमध्ये असतात, तेव्हा प्रकरण नखापुरतं राहीलच असं नाही. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. युरोपीय संघात हेमा (HEMA) हे याच मेथॅक्रिलेट जातीचं द्रव्य असलेली नखांची उत्पादनं २०२१ पासून फक्त व्यावसायिक वापरासाठी आहेत, आणि टीपीओ (TPO) या जेलमधल्या आणखी एका रसायनावर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी आली. ज्या किटच्या डब्यावर घटकांची यादीच नाही, ते स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. पार्लरमध्ये जेल करून घेतानाही कातडीला लागलेलं जेल दिव्याखाली हात जायच्या आधी पुसायला सांगा, आणि हाताला सनस्क्रीन किंवा बोटं उघडी असलेले मोजे घाला. काढताना खरवडायचं तर अजिबात नाही. जेलबरोबर नखाचे थर निघतात आणि मग ‘जेलने नखं खराब झाली’ म्हणून रडारड होते. अॅसिटोनचा कापूस लावून, गॅसपासून लांब बसून, ते आपोआप सुटेपर्यंत थांबायचं.

एका किटमध्ये अख्खं घर, हेही नको. कागदी फाइल आणि बफर निर्जंतुक होत नाहीत, ते ज्याचे त्याचे. बुरशी आणि चामखीळ दोन्ही अशा वस्तूंवरून पसरू शकतात. धातूची हत्यारं साबणाने धुऊन स्पिरिटने पुसली तर घरापुरतं चालतं. काचेची फाइल धुता येते, म्हणून मी तीच सुचवते. तुळशीबागेत फाइल, ऑरेंज स्टिक, बेस कोट, टॉप कोट, सगळं एका फेरीत मिळतं. पाच-सहा गोष्टींच्या वर काही घ्यायला लावलं तर पुढच्या दुकानात जा.

आणि ती १५ मिनिटं. त्यातली १० तर फॉरवर्डनेच पाण्यात घालवली. उरलेल्या पाचात दहा नखांची फाइल, क्युटिकल, रंगाचे दोन हात आणि टॉप कोट कुणी बसवून दाखवले तर मी तिला उद्याच कामावर घेते. घरी नीट करायचं तर पाऊण तास ते तास धरा, आणि रात्रीची भांडी आधी घासून घ्या.